नकाशे छोटे का झाले

रविवार, दुपारी साडेतीन

प्रिय दादा,

आधी एक सूचना. पत्राबरोबर जो चपटा खोका आला आहे तो अजून उघडू नकोस. मी सांगेन तेव्हाच उघड. मास्तरकाकांना माझा नमस्कार सांग असं लिहिणार होतो, पण हे पत्र तेच तुला वाचून दाखवत असतील, तेव्हा थेटच सांगतो. मास्तरकाका, नमस्कार. दादा फोनवर म्हणाला की वसतिगृहात आलेली पत्रं जेवणानंतर तुम्ही वाचून दाखवता आणि कुठे ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर मध्येच थांबून चुकचुकता. मी नववीत शाळा सोडली. पण गेली सहा वर्षं शिक्के आणि पाट्यांच्या दुकानात कामाला आहे. तिथे एक वेलांटी चुकली तर अख्खी पाटी भंगारात जाते, म्हणून शब्दकोश उघडल्याशिवाय मी किराण्याची यादीसुद्धा लिहीत नाही. हे पत्र तिसऱ्यांदा उतरवून काढलं आहे. तरी काही राहिलं असेल तर चुकचुका, पण एक विनंती आहे, हे सगळ्यांसमोर वाचू नका. दादाला बाहेरच्या बाकावर घेऊन जा. पुढे जे आहे ते फक्त त्याच्यासाठी आहे. तुम्हाला ते ऐकावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

तू म्हणशील, दर गुरुवारी फोन करतोस की, मग पत्र कशाला? फोनवर मला जमत नाही, दादा. तू ‘काय रे, कसा आहेस?’ विचारतोस आणि माझ्या तोंडून ‘मजेत’ निघून जातं. तोंडाने खोटं फार पटकन येतं. लिहिताना निदान खोडता येतं.

घरचं सगळं ठीक. आईचा गुडघा पावसाळ्यापेक्षा बरा आहे. तुझी सायकल तिने बोळातून आत घेतली आहे आणि दर आठवड्याला पुसते. मी म्हटलं, चेनला तेल मी घालतो, तर म्हणाली, ‘तू राहू दे, तू तिला सजवून ठेवशील, मला ती चालवण्याजोगी ठेवायची आहे.’ कोणाला चालवायची आहे हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. कंपाउंडरने मिशी ठेवली आहे. टेलरबाई म्हणतात, औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक आता घाबरून बरं होऊन जातं. टेलरबाईंनी नवीन मशीन घेतलं, पण जुनंच वापरतात. नव्यावर कापड ठेवतात.

आम्ही तिघे अजूनही रविवारी चार वाजता त्यांच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. चहा होतो. मग पत्ते खेळतो, कारण तिघांत दुसरं काय खेळणार? आई जिन्याखालून जाता जाता एकदा वर येऊन डोकावली आणि पत्ते पाहून खूश झाली. ‘बरं झालं बाई, आता चारचौघांत सांगता तरी येईल. इतकी वर्षं काय खेळायचात ते मला शेवटपर्यंत कळलंच नाही, सापशिडीसारखं काहीतरी, पण साप नाही आणि शिडीही नाही.’

मास्तरकाकांनाही ते माहीत नसेल, म्हणून चार ओळींत सांगतो. यात एक सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सूत्रधार म्हणतो, तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी आहात, आतून थंड वारा येतोय, काय करता? मग ज्याला जे सुचेल ते तो करतो, आणि ते साधलं की फसलं हे फासे टाकून ठरतं. जिंकणं-हरणं नाही. गोष्ट पुढे जाते, इतकंच. आमचा सूत्रधार दादा. कंपाउंडर जादूगार, टेलरबाई चोर (आयुष्यात एक पिन इकडची तिकडे न केलेली बाई, पण गोष्टीत शिरली की राजाच्या ताटाखालचा चमचासुद्धा सोडत नाही), आणि मी वाटाड्या. साडेचार वर्षं एकच गोष्ट चालली होती.

ती गोष्ट आठ महिन्यांपूर्वी पाण्यातल्या किल्ल्याच्या तिसऱ्या दरवाजाशी थांबली आहे. तुझी गोष्टीची वही टेलरबाईंच्या कात्रीच्या खणात आहे, कोणी उघडलेली नाही. कंपाउंडर परवा म्हणाला, ‘आठ महिने गुडघाभर पाण्यात उभं राहून माझ्या जादूगाराला वात झाला असेल. तूच सांग की पुढचं, तू त्याचा भाऊ ना?’ मी नाही म्हटलं. दार कुठे आहे ते मला माहीत आहे. दारामागे काय आहे ते फक्त तुला माहीत आहे.

आठवतं का, सुरुवातीला नकाशे नव्हतेच? तू नुसतं सांगायचास. पाय टेबलाखाली लांब करून, डोळे अर्धे मिटून. कंपाउंडरला तसंच आवडायचं. तो म्हणायचा, डोळे मिटले की किल्ला मोठा दिसतो. पण माझ्या डोक्यात ते मावायचं नाही. मला घाम फुटायचा. दार कोणत्या बाजूला? खिडकीपासून किती पावलं? जिना वर जातो की खाली? मी इतक्यांदा विचारायचो की एकदा तुझा राक्षस दारात येऊन उभा राहिला तरी माझी मोजणी चालूच होती. तू हसून म्हणालास, ‘बाबा रे, राक्षस कंटाळून परत गेला. मग तूच काढ ना, म्हणजे आम्हालाही कळेल आपण कुठे आहोत.’ टेलरबाईंनी कोपऱ्यातल्या गुंडाळीतून हातभर खाकी कागद फाडून दिला, आणि कापडावर खुणा करायचा निळा खडू. तो माझा पहिला नकाशा. त्या दिवशी घरी जाताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवला होतास आणि म्हणालास की शाळेने तुला सोडलं, भूगोलाने नाही.

दादा, त्यानंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. आठवडाभर मी दुकानात लोकांच्या दारांवरची नावं कोरायचो आणि डोक्यात रविवारचा नकाशा असायचा. शनिवारी तू मला थोडंच सांगायचास. एक नदी, एक पडका पूल, पुलापलीकडे काय ते विचारू नकोस. आपण ज्याच्याभोवती बसायचो त्या इस्त्रीच्या टेबलाएवढा कागद मी घ्यायचो, चारी कडांना टाचण्या. टेबलावर इस्त्री विसरून पडलेला तो जळका डाग मी दर वेळी नकाशात घ्यायचो, कधी डोह, कधी जळालेलं गाव. न पाहिलेल्या खोल्यांवर चिंध्या झाकून ठेवायचो आणि आम्ही आत शिरलो की तू एकेक चिंधी उचलायचास. तू चिंधी उचलण्याआधी थांबायचास. टेलरबाई म्हणायच्या, ‘उचल की मेल्या, जीव जातोय इथे!’ जुनं पत्र हवं होतं तेव्हा मी कागद चहात बुडवून इस्त्रीने वाळवला, आणि कंपाउंडरने तो खरोखर जुना समजून नाकाला लावला आणि म्हणाला, साखर जास्त झालीय. पण चिंधी उचलण्याआधीचा तो थांबायचा क्षण मला आजही दिवसातून दहादा आठवतो. तुझा हात चिंधीवर, आणि आम्ही तिघे श्वास धरून.

आता मी हळूहळू तिकडे येतो.

एक रविवार असा होता की टेलरबाईंची चोर नकाशाच्या डाव्या कडेला तटबंदीवर चढून बसली होती. तिची सोंगटी म्हणजे चार भोकांचं पांढरं बटण. तू कंपाउंडरला विचारलंस, मला विचारलंस, राक्षसाची चाल केलीस, पुन्हा कंपाउंडरला विचारलंस. असे तीन डाव गेले. टेलरबाई शेवटी म्हणाल्या, ‘मी काय मेले का रे? की भिंतीला चुना लावायला ठेवलंयस मला?’ सगळे हसले. तूही हसलास, म्हणालास, चोर इतकी चांगली लपली की सूत्रधारालाही दिसली नाही. पण मी तुझ्या समोर बसलो होतो. बटण शोधताना तू डोळे फिरवले नाहीस, सगळी मान फिरवलीस.

पुढच्या रविवारी मी पाहत राहिलो. फासा टेबलाच्या डावीकडे घरंगळला की तू तो हाताने चाचपायचास. मी पुढच्या वेळी फाशांसाठी खोक्याचं झाकण आणलं आणि ते तुझ्या बरोबर समोर ठेवलं. म्हटलं, फासे खाली पडतात. मग नकाशातल्या खोल्या मी थोड्या आत घेतल्या. कडेला समुद्र काढला, म्हणजे तिकडे कोणाला जायलाच नको. मग कागदच कमी करत अर्ध्यावर आणला. मग त्याच्याही अर्ध्यावर. माझा हिशेब होता की दर महिन्याला दोन बोटं कमी केली तर कोणाच्या लक्षात येणार नाही. सोंगट्या मधून सरकल्या तर चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने मी त्या पुन्हा आत ढकलायचो. रस्त्याने तुझ्याबरोबर चालताना मी डाव्या बाजूला चालू लागलो. कंपाउंडर एकदा म्हणाला, ‘काय रे, या राज्यातले सगळे लोक मध्येच का राहतात? कडेची हवा बरी नाही का?’ मी म्हटलं, कडेला रोगराई आहे. तू त्यावर लगेच एक गोष्ट रचलीस. साथीची, ओस पडलेल्या वेशींची. इतकी सुंदर की टेलरबाईंनी डोळे पुसले. आपलं राज्य आक्रसत होतं आणि तू त्याला कारणं पुरवत होतास. तुला ती माझ्या नकाशातून मिळत होती.

असं चौदा महिने चाललं, दादा. मी मोजले आहेत.

मग एक दिवस तू नेहमीसारखा सायकलवरून पार्सलं पोचवायला निघालास आणि डावीकडून उघडलेलं गाडीचं दार तुला दिसलं नाही. मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या खोलीत आपण चौघे होतो, तू प्लॅस्टर गळ्यात अडकवून स्टुलावर, आई, मी, आणि त्या डॉक्टरबाई. त्यांनी काचबिंदू हा शब्द उच्चारला. म्हणाल्या, यात कडेची नजर आधी जाते, दुखत नाही, खुपत नाही, माणसाला स्वतःला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण वर्षभर आधी आला असतात तर थेंबांवर बरीचशी राखता आली असती. आणि मग त्यांनी आईकडे आणि माझ्याकडे पाहून विचारलं, ‘त्यांना नसेल कळलं, पण घरच्यांच्या लक्षात येतं सहसा. धडकतात, वस्तू सांडतात. तुमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही?’ आई म्हणाली, ‘नाही हो, आम्हाला काहीच नाही दिसलं.’ माझ्या हातात तुझी फाइल होती. मी तिचे कोपरे जुळवत राहिलो.

मला काचबिंदू हा शब्द माहीत नव्हता, हे खरं आहे. हे असं आजारपण असतं, त्याला औषध असतं, हे माहीत नव्हतं, हेही खरं आहे. पण हे खरं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते झिजून गुळगुळीत झालंय, हातात धरलं तर निसटतं. मला नाव माहीत नव्हतं, पण तुला दिसत नाही हे माहीत होतं. मी तुला एका वाक्यात सांगू शकलो असतो. ‘दादा, तुला डावीकडचं दिसत नाही, डोळे दाखव.’ सात शब्द. मी पाट्यांवर याहून जास्त शब्द रोज कोरतो. का नाही सांगितलं? बाबा गेल्यावर या घरात घाबरायचं काम माझ्याकडे आणि न घाबरायचं तुझ्याकडे असं वाटप झालं होतं, आणि मला वाटलं, मी बोललो तर तूही घाबरशील. हे एक. दुसरं सांगायला जास्त कठीण आहे. मला वाटलं, मी बोललो तर रविवार बंद पडेल. तू सूत्रधार राहणार नाहीस आणि मी पुन्हा फक्त पाट्या कोरणारा राहीन. मी तुझी नजर नाही सांभाळली, माझा रविवार सांभाळला. आणि तोही गेला.

तू त्या अंध-प्रशिक्षणाच्या वसतिगृहाकडे निघालास त्या दिवशी बसथांब्यावर तुझी बॅग मी वर ठेवली. खाली उतरलो तर तू खिडकीतून म्हणालास, ‘एक विचारू? नकाशे छोटे का झाले रे?’ मी म्हटलं, ‘कागद संपत आला होता.’ तू खिडकीची काच अर्धी ओढलीस. मग ‘असेल’ म्हणालास आणि बस सुटली. दादा, टेलरबाईंच्या खोलीत खाकी कागदाची ती गुंडाळी तुझ्या उंचीची आहे. तिला टेकून तू साडेचार वर्षं गोष्ट सांगितलीस. कागद किती उरलाय ते तुझ्या पाठीला माहीत होतं.

ते ‘असेल’ मला रोज ऐकू येतं. दुकानात कोरणीचं यंत्र चालू असलं तरी ऐकू येतं. तुला तेव्हाच कळलं होतं का? आठ महिने दर गुरुवारी फोनवर मी तुला हेच विचारायला जातो आणि जेवलास का विचारून ठेवतो. गेल्या महिन्यात पत्ते वाटता वाटता मी हे टेलरबाईंना सांगून टाकलं. कंपाउंडरही होता. टेलरबाईंनी हातातले पत्ते उपडे ठेवले आणि म्हणाल्या, ‘मला सांगून काय उपयोग? मी काय तुझा दादा आहे? पाप धुवायला दुसऱ्याच्या नळावर नाही जायचं.’ मग थोड्या वेळाने जुन्या मशीनवरचं काम बाजूला सारून म्हणाल्या, ‘काय शिवायचं ते सांग.’

म्हणून हे पत्र. आता खोका उघड, दादा. मास्तरकाका, दोरी कापायला मदत करा, पण आतलं त्याला लावू द्या. ती आठ घड्यांची कापडी घडी आहे, सांधे टेलरबाईंनी शिवले आहेत. मोठ्या टेबलावर पसर. हा पाण्यातला किल्ला आहे. सुतळी म्हणजे भिंती. गुळगुळीत पट्टी म्हणजे पाणी, ती दुकानातल्या पाट्यांच्या कापांची आहे. शिक्क्यांच्या रबराचे तुकडे म्हणजे पायऱ्या, मोजून बारा. न पाहिलेल्या खोल्यांवर चिंध्या आहेत, टिचबटणांनी लावलेल्या, उचलताना आवाज येईल. कंपाउंडरने डोळे मिटून बोटं फिरवून पाहिली आणि थेट पाण्यात पडला, म्हणून मी काठाला एक जादा सुतळी लावली आहे. हाही नकाशा मी तुला न विचारता केला. सवय सुटत नाही. पण या वेळी चोरून केलेला नाही, आणि नको असेल तर तसाच परत पाठव, मी समजेन. हा इस्त्रीच्या टेबलाएवढा आहे. एक बोटभरही कमी नाही.

दोन्ही हात मधोमध ठेव. तिथे काही नाही, मोकळं पाणी आहे. आता उजवा हात सरकव. तिसरा दरवाजा लागेल, त्याच्या उंबऱ्यावर बाटलीचं बूच आहे, तो जादूगार, वात झालेला. त्याच्या शेजारी चार भोकांचं बटण, ती चोर. दारावरची चिंधी मी लावली आहे, पण तिच्याखाली मी काहीही काढलेलं नाही. आता डावा हात डावीकडे ने. अजून. भिंत संपेल, पाणी संपेल, कापडाची शिवण लागेल. अगदी तिथे, कडेला, एक लाकडी बटण आहे. तो वाटाड्या. तुला जिथलं दिसत नव्हतं तिथे तो चौदा महिने उभा होता, त्याला सगळं दिसत होतं, आणि त्याने तुला हाक मारली नाही. त्याचं काय करायचं ते सूत्रधाराने ठरवायचं. त्याला पाण्यात ढकल, नकाशाबाहेर काढ, मी फासा टाकायला मागणार नाही. फक्त गोष्ट पुढे ने. आम्ही रविवारी चार वाजता जमतो, फोन टेबलावर मधोमध ठेवू. तुझी खुर्ची गुंडाळीला टेकूनच आहे. माझी पाळी येईल तेव्हा सांग, मी इथेच उभा आहे.

तुझाच,
वाटाड्या